एक साडी और डालो

आई, तुझ्या वेळी आपल्या मोहल्ल्यात क्रेडिट कार्ड कुणाकडेच नव्हतं, म्हणून आधी ते काय असतं ते सांगते. दुकानात पैसे द्यायचे नाहीत, हे कार्ड पुढे करायचं. बँक दुकानदाराला पैसे देते, आपण महिन्याने बँकेला देतो. जितका खर्च करू तितके पॉइंट मिळतात, आणि पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात काहीबाही वस्तू. माझं कार्ड नुसतं जवळ बाळगायचे बँक वर्षाला पाच हजार घेते, पण वर्षात चार लाख खर्च केले तर ते पाच हजार माफ. तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. "म्हणजे पैसे वाचवाले पैसे उडवाचे, असं म्हन की वं!" आणि मग पदर खाली घेतला असतास, कारण तुला आपल्या दारातली भांडेवाली आठवली असती.

ती दुपारची यायची. डोक्यावर चकचकीत स्टीलच्या भांड्यांची टोपली, पाठीला जुन्या कपड्यांचं बोचकं. तू इतवारी बाजारातल्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायचीस, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीच तुझी नि तिची गाठ पडायची. कपड्याला भोक दिसलं की ती त्यात बोट घालून दाखवायची, आणि तू ओरडायचीस, "बोट काहून घालून राहिली वं? मोठं होते ना ते!" शेजारच्या बाया नुसत्या तुझा सौदा ऐकायला येऊन उभ्या राहायच्या. मी सातवीत होते, धाकटी चौथीत. निबंधात मी शाळेत पहिली आले होते आणि शनिवारी बक्षीस मिळणार होतं. त्याच आठवड्यात, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, ओट्यावर कपड्यांचा ढीग झाला होता, नि भांडेवालीनं त्यावर लहान डबा काढून ठेवला होता. मोठा, कडीचा, तिच्या टोपलीतच होता. "एक साडी और डालो बाई, फिर बड़ा डब्बा ले जाओ." ढिगावर एक साडी आली. जांभळी, तुझ्या दुकानाच्या सेठाणीनं दिवाळीला दिलेली, काठ अजून कडक. बाहेर नेसायला तुझ्याकडे तेवढीच होती. शनिवारी तू म्हणालीस, "डोकं दुखून राहिलं माह्यं, तू जाय." मी एकटी गेले. सगळ्यांच्या आया आल्या होत्या. परत आले तर तू तो डबा राखेनं घासत बसली होतीस, आणि मला तुझी किळस आली. हाच शब्द बरोबर आहे. एका डब्यासाठी! पुढे कितीदा तरी ही गोष्ट मी लोकांना सांगितली, नवऱ्याला, मैत्रिणींना, धाकटीला. आमच्या आईला हाव सुटली होती, अशी.

आता माझं ऐक. तीन वर्षांपूर्वी हे कार्ड घेतलं. त्यावर विमानतळाच्या एका खोलीत फुकट बसता येतं, खाता येतं. गेल्या वर्षी पुण्याला जाताना मी तिथे बसले. घरून पोळी-भाजी खाऊन निघाले होते, भूक मुळीच नव्हती. तरी इडल्या घेतल्या, पुलाव घेतला, वर दोन गुलाबजाम. समोर एक गृहस्थ तिसऱ्यांदा ताट भरून घेत होते. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती चटकन वळवली. उठताना मी बिस्किटांचे दोन पुडे पर्समध्ये टाकले. कुणी हटकलं नाही. विमानात जळजळ सुरू झाली, ती पुण्यापर्यंत.

वर्ष संपायला महिना उरला की मोबाइलवर रोज निरोप येतो. इतके आणखी खर्च करा, फी माफ. वाचताना मला कधीच काही आठवलं नाही, याचं आज नवल वाटतं. यंदा मला थोडेच कमी पडत होते, आणि नेमकी त्याच वेळी धाकटी सावनेरहून पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली. आम्ही दोघी इतवारीत गेलो. ऊन, हातगाड्या, मध्येच अडकलेला टेम्पो. तिनं पैसे कापडी पिशवीत, पिशवी पोलक्यात, अशी बंदोबस्तानं आणली होती. भांडी काढून झाली तेव्हा मीच म्हणाले, नोटा मला दे, मी कार्डावर देते. तिनं "बरं" म्हटलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कार्ड पे दो परसेंट एक्स्ट्रा लगेगा." धाकटीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये पाहत होते. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं, आई. तिनं पिशवी उलटी करून पाहिली, मग रचलेल्या भांड्यांतून एक गंज उचलून बाजूला ठेवला. "हा राहू द्या भाऊ. दोन आहेत ना, मस्त झालं." गंज म्हणजे तो आपला, भात शिजवायचा. दुकानदारानं तो पुन्हा फळीवर ठेवला आणि मी कार्ड पुढे केलं.

बाहेर उसाचा रस पिताना ती हसून म्हणाली, "काय वं ताई, माह्या पोरीच्या गंजाचे किती पॉइंट भेटले तुले?" मीही हसले. रसात मला बर्फाशिवाय कशाचीच चव लागली नाही. घरी पोचेपर्यंत निरोप आला होता. अभिनंदन, तुमची फी माफ झाली आहे.

हे कार्ड पाच हजारांच्या लायकीचं आहे की नाही, याचा हिशेब मी रविवारी कागदावर मांडला. पॉइंट धरले, विमानतळाच्या इडल्यासुद्धा धरल्या. फायद्यात निघालं. फक्त तो गंज कुठल्या बाजूला लिहायचा ते कळेना. सोमवारी फोन करून कार्ड बंद करा म्हटलं. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. "मॅम, पॉइंट्स लॅप्स हो जाएंगे, पहले कुछ ले लीजिए ना." मी यादी उघडली. मिक्सर, बॅगा, आणि स्टीलच्या डब्यांचा संच. पुढे बघवेना. जाऊ द्या म्हटलं. मग भाजीच्या कात्रीनं कार्ड कापलं. ते सहजी कापलं जात नाही.

काल इतवारीतून नगदी देऊन गंज घेतला आणि बसनं सावनेरला गेले. धाकटीनं तो उलटा करून ठोकून पाहिला, अगदी तुझ्यासारखा. "पॉइंटातला आहे का वं?" मी म्हटलं, नाही, नगदीचा. "मंग ठेवतो," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. चुलीकडे तोंड करूनच तिनं विचारलं, "ताई, आईनं ते जांभळी साडी काहून देली असन? मी लहान होती, मले काही समजलं नाही. लई आवडे तिले ते." मी म्हटलं, हाव सुटली होती तिला. तोंडून निघून गेलं, नेहमीसारखं. ती म्हणाली, "नाही वं. आई तशी नव्हती."

परत येताना बसमध्ये तोंडात काहीतरी कडू येत राहिलं. ही किळस तुझी नव्हती. तुझी कधीच नव्हती.

साडी मी आणली होती, आई. शेजारच्या काकूंकडे कडीचा डबा होता, तसा मला हवा होता. भांडेवाली 'एक साडी और' म्हणाली आणि तू मान हलवायच्या आत मी आत पळाले. पेटीत सगळ्यात वर ती होती, शनिवारसाठी काढून ठेवलेली. मला ते माहीत होतं. मी ती ढिगावर ठेवली, भांडेवाली म्हणाली, "बेटी सयानी है," सगळ्या बाया हसल्या. त्यांच्यासमोर साडी परत उचलणं तुला जमलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि एवढंच म्हणालीस, "झाकण बसते का पाहून घे नीट." पुढे कधीही, कुणाजवळही, त्या साडीसाठी तू माझं नाव घेतलं नाहीस.

तो डबा माझ्याकडे आहे, त्यात तांदूळ असतात. हे कागद तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत. ज्या घरी पोचायला हवेत ते सावनेरला, बसनं तासाभरावर आहे, आणि तिथेही मी ते पाठवलेले नाहीत.