कोणाची हरकत नसेल तर

पुणे,
९ मार्च २०२५

प्रिय विनीतदादा,

नमस्कार. काकूलाही सांगायचा आहे, पण तिच्याबद्दल खाली लिहिते.

पाकीट पाहून चक्रावशील. रोज चॅटवर डोकं खाणारी ही बया पोस्टात कशी शिरली? पण तिथे लिहिलेलं पुसता येतं, आणि मी ते आठवडाभर पुसतेच आहे.

इकडे सगळं ठीक. वहिनीने दिलेली कोकमाची सोलं संपली, आईने आणखी मागितली आहेत.

आता 'बोलको', तुझा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. काकूची नजर गेली तेव्हा आपल्या आईला पेपर मालवणी हेलात ऐकता यावा म्हणून तू तो लिहिलास आणि कोडसकट सगळ्यांना फुकट देऊन टाकलास. मी त्यात नंतर आले आणि आल्या आल्या शहाणपणा सुरू केला. त्याचा गाभा त्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचा हट्ट माझाच. तुझा जुना कोड मधूनच कोसळायचा, नवी भाषा तसल्या चुका होऊच देत नाही. हे खरंच होतं. तू म्हणालास, "भाषा अजून रांगता गो. तिच्या भरवशार आमचा घर कित्याक?" मी हसले होते.

बोलकोवर काम करणाऱ्या आपल्या चौघांचा नियम तुझाच. मोठा बदल आधी सगळ्यांसमोर मांडायचा, तीन दिवस थांबायचं, कोणाची हरकत नसेल तर घ्यायचा. डिसेंबरात मी मांडला, थांबले. हरकत आली नाही.

येणार कशी? गावपळण होती. देवाचा कौल घेऊन अख्खं आचरा तीन दिवस गुराढोरांसकट वेशीबाहेर राहुट्यांत, आणि तू तर तिथे फोनही बंद ठेवतोस. तारीख लक्षात नव्हती असं मी स्वतःलाच पटवत आले. लक्षात होती, दादा. काकूनेच फोनवर सांगितली होती, कोंबड्या कशा न्यायच्या या काळजीत होती ती. गाव बाहेर पडलं त्याच संध्याकाळी मी प्रस्ताव टाकला. परत आल्यावर तू एवढंच लिहिलंस, "बरा केलंस." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

एवढंच असतं तर मी चॅटवरच माफी मागून मोकळी झाले असते.

ती भाषा काकूच्या संगणकाइतक्या जुन्या यंत्रांवर चालत नाही. ते वाचलं होतं मी, पण असलं यंत्र आता कोण वापरतं, असं म्हणून पुढे गेले. जानेवारीत नवा बोलको तिच्याकडे आपोआप उतरला आणि गप्प झाला. तुला हे ठाऊक नाही, कारण तिने तुझ्यापासून लपवलं. फोन मला केला. "तेजू, बोलको मुको झालो गो. माज्याच हातान कायतरी बिघाडला. विनीताक सांगू नको, तेका आधीच कामाचो ताप."

काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. आणि मी म्हटलं, "आसांदे काकू, होता तसा कधीतरी."

तेव्हापासून तिने संगणकाला हात लावलेला नाही. तू विचारलंस की कान दुखतात म्हणून सांगते ना, ते खोटं आहे. काल मला म्हणाली, "माका आता जमणा नाय. हात लावूकच भय वाटता." मी तेव्हाही गप्प राहिले. लाज वाटते रे मला.

जुना बोलको पुन्हा वेगळा काढून ठेवला आहे, तो तिच्या संगणकावर घाल. माझा बदल मागे घेतला आणि का घेतला तेही सगळ्यांना लिहिलं. नव्या भाषेचं काय करायचं ते आता तू बोलल्याशिवाय ठरणार नाही.

शनिवारी मी येते आहे, तिच्यासमोर बसून सांगायला. पण तोवर तिने आणखी एक दिवसही असं राहू नये. म्हणून पत्र मिळताच आधी तिच्याकडे जा. सांग, तिच्या हातून काहीच बिघडलेलं नाही. बिघडवलं मी, आणि नाव तिच्या हातांचं होऊ दिलं.

काकूच्या समोर यायला घाबरणारी,
तेजस्वी