शेगडीत गेलेला चकचकीत तुकडा

माय, आज पुन्हा तुझ्यावर लई चिडले. नांदेडच्या कॉलेजात दरवर्षी कोळशाचा धडा येतो आणि दरवर्षी माझं टाळकं सटकतं. पोरांना सांगते, कोळसा म्हणजे जुन्या दलदलीत गाडलेलं जंगल. जिथं पाणी टिकलं तिथं लाकडाचा कुजून लगदा झाला. त्याचा कोळसा चकचकीत, छिद्रं इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. जिथं पाणी आटलं, लाकूड उघडं पडून जळालं, तिथला कोळसा मळकट, पण लाकडाच्या पेशींच्या रिकाम्या खोल्या त्यात तशाच राहतात. लातूरकडच्या पोरांना पाणी आटणं वेगळं शिकवावं लागत नाही. मग एखादी म्हणते, "मॅडम, दोन्ही तुकडे दाखवा की." काय दाखवू, कपाळ? माझ्याकडं मळकटच तेवढा उरलाय.

एम.एस्सी.साठी चंद्रपूरकडच्या खाणीतून एकाच थरातले दोन तुकडे आणले होते. दोन्हींतली छिद्रं ताडून बघायची, त्यावर माझी डिग्री. सुट्टीत घरी, लातूरजवळच्या मुरुडला आले तर नेमके पाहुणे मला बघायला आलेले. मुलाची आई म्हणाली, "आता शिकून काय करायचंय? झालं तेवढं बास." तू उठून आत गेलीस. मी मागोमाग येते तर शेगडीवर चहाचं आधण आणि खाली माझा चकचकीत तुकडा! "गॅस संपलाय," म्हणालीस. मी ओरडले, "माय, आता एकच उरला गं!" धूर असा कोंडला की पाहुणे खोकत, डोळे पुसत, चहा न घेताच उठले. वर तू म्हणतेस, "मला काय कळतंय बाई, कोळसा तो कोळसा."

आणि दुसऱ्या दिवशी त्याच गॅसवर भाकरी करून राहिलीस! उमरीच्या टेशनापाशी इंजिनातून पडलेला दगडी कोळसा वेचत वाढलेली तू. चकचकीत किती धुरतो आणि मळकट किती कमी, हे तुला ठाऊक न्हाई? नवे तुकडे मिळवून, कुटून तपासेपर्यंत माझं वर्ष गेलं. पुढं डिग्री मिळाली, नोकरी लागली. मावशी अजून म्हणते, "मायनं वाचवलं तुला."

वाचवलं म्हणे! अगं, एकदा मला विचारायचंस तरी. सगळे खोकत बाहेर पडले तेव्हा तो मुलगा दारातून वळून म्हणाला होता, "दुसरा तुकडा सांभाळा." सांभाळलाय. हा कागद त्याच्याखालीच दाबून ठेवते. माय, मला तो मुलगा आवडला होता.