मापानाच्या वायरी

२ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणजे नाही! मापानाच्या, म्हणजे पापांच्या गाण्याच्या पेट्यांच्या, वायरी मी बदलू देणार नाही. ओमेरो आज बोगोटाच्या एका गोडबोल्या विक्रेत्याकडून खोकंभर वायरी घेऊन आला — अंगठ्याएवढ्या जाड, विणलेलं आवरण, टोकांना सोन्याचा मुलामा. वर बाणही छापलेत! कुठल्या दिशेने जायचं ते आवाजाला कळावं म्हणून. मी विचारलं, उलटी लावली तर गाणं परत गायकाच्या घशात जातं का? आई हसली. माझा भाऊ ओमेरो नाही हसला.

"तयार आहेत या," म्हणाला. "आता तू सोल्डरचे डाग देत बसायची गरज नाही. कार्निव्हल झालं की तू मोकळी."

मोकळी म्हणे! मापानाच्या माणसाहून उंच पेट्या, पुढे रंगवलेला तो साप — बघायला सगळे येतात. मागच्या एकूणएक वायरीला डाग मी दिलाय. वेल्डिंगच्या दुकानातली काळी रबरी वायर, साधी पितळी टोकं. लोकांनी तुडवल्या, बिअर सांडली, एकदा तर ट्रक गेला वरून. आवाज कधी गेला नाही.

४ फेब्रुवारी

पापा म्हणाले, रविवारी अंगणात दोन्ही लावू, मी ऐकतो. झालं! पापांच्या कानापुढे या गल्लीत कुणी ब्र काढत नाही.

मला भीती नाही. चीड आहे ती वेगळीच. पेट्या वाजायला लागल्या की पापा आवाजाच्या बटणांपाशी बसतात आणि मला समोर उभं करतात, हातात त्यांची बिअरची बाटली देऊन. जरा हलले की ओरडतात. ओमेरो मला बाटलीचं स्टँड म्हणतो. वर म्हणतो, तोंड तरी सरळ ठेव, मनातलं सगळं छापलेलं असतं त्यावर.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बाटली धरली नाही. म्हटलं, मी मागेच थांबणार, ओमेरोने लबाडी करायला नको. पापा दोनदा म्हणाले, "डिल्सा, पुढे ये." नाही गेले.

आधी माझ्या वायरी. नेहमीचा आवाज. मग ओमेरोच्या. ही नवी टोकं आत घालून फिरवायची असतात, खट् होईपर्यंत. पठ्ठ्याला जुन्यांची सवय — बारीक आवाजाच्या पेटीचं टोक त्याने नुसतं ढकललं! गाणं सुरू झालं. ढोल घुमतोय, पण गिटार नाही, झांजा नाहीत, गायक गोधडीत तोंड खुपसून गातोय. मी हसू दाबून निकालाची वाट बघत होते.

पापा डोळे मिटून म्हणाले, "वा. लोणी आहे लोणी."

मग काय! सगळ्यांनाच लोणी लागलं. शेजारची एलोइनाबाई म्हणाली, असं खरं गाणं जन्मात ऐकलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. रागारागाने ते टोक फिरवलं — खट्! झांजा अशा कडाडल्या की आई दचकली, कोंबड्या कुंपणावर गेल्या.

"बघा!" ओमेरो ओरडला. "वायर तापली की खुलते, विक्रेता म्हणालाच होता!"

मी पापांकडे बघत होते. त्यांची पापणीही हलली नाही.

९ फेब्रुवारी

पापांना झांजांसारखे बारीक, चढे आवाज ऐकूच येत नाहीत. एवढं एक वाक्य बोलले की मी जिंकले. पण मग गल्लीत पापांचं काय राहिलं?

नाही बोलणार. वायरीही सोडणार नाही!

१२ फेब्रुवारी

ओमेरोने सोन्याच्या वायरी लावल्या, मी काढल्या. त्याने परत लावल्या. म्हणाला, पापांनी निकाल दिलाय, तुला ऐकू कमी येतं का? मी ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. मोरीत जाऊन रडले, दुःखाने नाही, संतापाने. परत आले आणि पुन्हा काढल्या.

१४ फेब्रुवारी, कार्निव्हलचा शनिवार

दुपारी गल्लीत पेट्या मांडल्या. सोन्याच्या वायरी पापांनी स्वतः खोक्यात भरल्या. ओमेरोला म्हणाले, डिल्साच्या लाव. तो 'का?' विचारतच राहिला. मग पापांनी माझ्या हातात बाटली दिली, दंडाला धरून मला पेट्यांसमोर नेलं आणि कानाशी म्हणाले, "रविवारी तू मागे थांबलीस आणि मी फसलो. कैक वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघून वाजवतोय, पोरी. आता हलू नकोस."

हलले नाही.