व्हिएन्नात दुसऱ्यांदा पाहण्यासारखं

प्रिय ओटिली मावशीस,

"हे शहर एकदा पाहिलं की संपतं, रोसी. दुसऱ्यांदा पाहण्यासारखं इथे काही नाही." सेव्हरिनकाका गेल्यानंतरच्या वसंतात तू स्टेशनवर, गाडीच्या पायरीवर उभी राहून हे म्हणालीस. तुझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्यात काकांचं घड्याळ. मी म्हटलं होतं, बरं. आणखी काय म्हणणार, गाडी हलली होती. तेव्हापासून तू एकदाही आली नाहीस, आणि ते वाक्य माझ्याकडेच राहिलंय, विसरलेल्या छत्रीसारखं. ते परत करावं म्हणून हे पत्र.

पण आधी रीत पाळते. तुझ्या रोसीचे दोन पापे, आधी डावा गाल, मग उजवा, आपल्या घरच्या क्रमाने. गुडघा कसा आहे? तळ्यावर धुकं उतरायला लागलं असेल तर लोकरीचा पट्टा बांधत जा. बाईने पट्टा बांधला तर तिथे पाहायला कोण बसलंय (असं मी मागच्या आठवड्यापर्यंत बिनधास्त लिहिलं असतं, आता जरा जपून लिहायला हवं). इकडे मी आणि मांजर खुशाल आहोत. जिन्यातला दिवा अजून दुरुस्त झालेला नाही, म्हणजे तू गेल्यापासून इमारतीत काही बदललेलं नाही.

तर तुझे अल्विनराव. फोनवर तू मला एवढंच सांगितलंस की तुझ्या ब्रेगेंझचे एक ओळखीचे गृहस्थ येतायत, तळ्यावर बोट चालवायचे, आता निवृत्त आहेत, त्यांना शहर दाखव. "ओळखीचे" हा शब्द तू इतक्या सावकाश उच्चारलास की मी लगेच पाहुण्यांच्या खोलीतले पडदे धुतले. पुढे म्हणालीस, ते तरुणपणी गावच्या बँडबरोबर एकदा येऊन गेलेत, त्यामुळे राजवाडा, पांढरे घोडे, मोठा आकाशपाळणा आणि चॉकलेटचा केक हे सगळं झालेलं आहे. दुसरं काहीतरी दाखव. मी हो म्हणून फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मावशी, मी जन्मापासून इथे राहते. मला पाहुण्यांना दाखवायला राजवाडा, पांढरे घोडे, मोठा पाळणा आणि चॉकलेटचा केक याशिवाय काहीही माहीत नाही. आपण व्हिएन्नाचे लोक शहर पाहत नाही, आपण त्याच्याबद्दल कुरकुर करतो.

अल्विनराव उतरले ते पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये चीज घेऊन. गाडीच्या चाकासारखं गोल चीज असतं ना, त्याचं अर्धं, मेणकापडात गुंडाळलेलं. मला वाटलं, माझ्यासाठी आणलंय. मी आभारही मानले. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे तुमच्यासाठी नाही. मग कोणासाठी, तर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. (तुला या माणसाचं मौन माहीत असेलच. आपल्याकडे एवढ्या मौनात लोक दोन भांडणं करून समेटही करतात.) ते चीज त्यांनी घरात ठेवायलाही नकार दिला, कारण मांजर. त्यामुळे पुढचे सगळे दिवस आम्ही तिघं हिंडलो: मी, अल्विनराव आणि चीज.

पहिल्या दिवशी मी त्यांना डॅन्यूबच्या जुन्या पात्रावर पोहायला नेलं. पाहुणे तिथे जात नाहीत, म्हणून मला वाटलं, नवीन काहीतरी. ऊन छान होतं. आम्ही चिनाराखाली बऱ्यापैकी मोकळी जागा पाहून चादर पसरली. पाचच मिनिटांत फुलाफुलांच्या टोपीतली एक बाई येऊन आमच्या डोक्याशी उभी राहिली आणि म्हणाली, इथे आमचे हे बसतात. अल्विनराव ताबडतोब उठले आणि विचारू लागले की ते पाण्यात आहेत का. बाई म्हणाली, छे, केव्हाच वारले, पण जागा त्यांचीच आहे. मला हसू आवरेना, म्हणून मी चपला शोधण्याचं नाटक केलं. अल्विनराव मात्र हसले नाहीत. त्यांनी चादरीची घडी घातली, रिकाम्या गवताकडे पाहून मान लववली आणि त्या बाईला विचारलं, "त्यांच्या शेजारची जागा कुणाची आहे?" बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, शेजारी बसा, पण पाणी उडवू नका. आम्ही दिवसभर तिथे, एका दिवंगत गृहस्थांच्या शेजारी, ऊन खात बसलो. संध्याकाळी त्या बाईने आम्हाला जर्दाळूचे डंपलिंग दिले, एक आमच्या चिजालाही.

दुसऱ्या दिवशी कॉफीहाउस. तुझंच ते जुनं, कोपऱ्यावरचं, जिथला वेटर गिऱ्हाइकाकडे बिऱ्हाडात घुसलेल्या पाहुण्यासारखा पाहतो. तोच आहे अजून, फक्त जास्त वाकलाय. तो आमच्या टेबलाशी आला, नाक उचललं आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "साहेबांनी बरोबर काही मेलेलं आणलंय का?"

"जिवंत आहे," अल्विनराव म्हणाले. "म्हणूनच वास येतो."

मावशी, त्या वेटरचं उचललेलं नाक खाली आलं. त्याने कॉफीबरोबर पाण्याचे तीन ग्लास आणले, तिसरा सॅकसमोर ठेवला आणि जाताना माझ्या कानाशी पुटपुटला, यांना परत आणा. त्याच दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुझी ओळख बरी असावी.

तिसऱ्या सकाळी ते आपणहून बोलले. अंड्याचं टोक चमच्याने फोडत विचारलं, मोठी दफनभूमी पाहता येईल का. मला आनंदच झाला; दफनभूमीत रविवार घालवणं म्हणजे आपलं माहेरचं काम. एकाहत्तर नंबरच्या ट्रामने आम्ही निघालो. वाटेत मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे कुणी वारलं की तो एकाहत्तरने गेला असं म्हणतात. त्यांनी विचारलं, परतीची गाडी कितीला असते. हा विनोद होता की चौकशी, हे मला अजून कळलेलं नाही.

आता खरा घोटाळा. दुसऱ्या फाटकातून आत शिरलो तोच समोरून एक अंत्ययात्रा आली. शवपेटी उचलणारी सहा भाडोत्री माणसं, पाद्री, मागे काळ्या टोपीतली एक ठेंगणी विधवा आणि तिच्यामागे दोन म्हातारे. बस्स. मागे कुणी नाही. आपल्याकडे भव्य अंत्ययात्रेसाठी लोक जन्मभर पैसे साठवतात, आणि इथे पेटी उचलणाऱ्यांपेक्षा रडणारे कमी. मी बाजूला सरकले. वळून पाहते तर अल्विनराव नाहीत. ते टोपी काढून त्या दोन म्हाताऱ्यांच्या मागे चालू लागले होते. मी धावत गेले, बाही ओढली, कुजबुजले की आपली ओळख नाही. ते चालतच राहिले. शेवटी मीही चालले. काय करणार, त्यांच्याकडे घराची किल्ली होती.

खड्ड्यापाशी प्रत्येकाने छोट्या खुरप्याने माती टाकली. मीही टाकली. विधवेने आमचे हात हातात घेतले आणि तिच्या चेहऱ्यावर अशी चमक आली की मी मनोमन प्रार्थना केली की हिने आपल्याला काही विचारू नये. प्रार्थना फळाला आली नाही. तिने आम्हाला फाटकासमोरच्या खाणावळीत जेवायला ओढून नेलं. उकडलेलं बीफ, किसलेल्या मुळ्याची तिखट चटणी, पांढरी वाइन. त्या पोस्पिशिलबाई, हर्मिना त्यांचं नाव. वारले ते एवाल्ड, आयुष्यभर एकाहत्तर नंबरची ट्राम चालवलेले. ("हजारो लोकांना इथे पोचवलं त्याने," बाई म्हणाल्या, "आणि त्याला पोचवायला कुत्रंही येत नाही असं मला वाटलं होतं.") मग त्यांनी अल्विनरावांकडे वळून विचारलं की माझ्या एवाल्डला तुम्ही कुठून ओळखत होतात.

मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. मनात तोवर मी एक ट्राम, एक पावसाळी संध्याकाळ आणि एक हरवलेलं पाकीट अशी सगळी जुळवाजुळव केली होती. अल्विनरावांनी पाय काढून घेतला.

"ओळखत नव्हतो, बाई. आमच्या गावात पेटी समोरून गेली की टोपी काढायची आणि शेवटपर्यंत बरोबर जायचं. मध्येच वळून जात नाहीत."

दोन्ही म्हातारे चघळायचे थांबले. मला खिडकीतून निघून जाता आलं असतं तर गेले असते. पोस्पिशिलबाईंनी हातरुमाल काढला, डोळे टिपले आणि म्हाताऱ्यांना म्हणाल्या, "ऐकलंत? सख्खा भाऊ लिंझहून आला नाही. आणि हा माणूस अख्खा देश ओलांडून, ओळख नसताना." मग त्यांनी सॅककडे नाक वळवलं आणि विचारलं, ते काय आहे. अल्विनरावांनी सॅक मांडीवर घेतली. मग त्यांनी चाकू मागवला आणि चीज उघडलं. निम्मं तिथेच संपलं. बाई म्हणाल्या, एवाल्ड असता तर सालासकट खाल्लं असतं.

जेवण संपता संपता त्या दोघा म्हाताऱ्यांनी खिशातून पत्ते काढले. दर गुरुवारी चौघांचा टारोकचा डाव असायचा: हे दोघे, बाई आणि एवाल्ड. चौथी खुर्ची त्यांनी टेबलाशी ओढून ठेवली होती आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. अल्विनरावांना टारोक येत नाही (तुमच्याकडचा तो पत्त्यांचा खेळ वेगळाच, आणि त्याला आम्ही खेळ म्हणत नाही), मला कुठलाच येत नाही. बाई म्हणाल्या, एक बाई मिळाली पाहिजे, हरली तरी रुसणार नाही आणि जिंकली की गप्प बसणार नाही.  मला लगेच तूच आठवलीस.

बाहेर आल्यावर अल्विनराव दारातच थांबले. सॅक पोटाशी धरून म्हणाले, "रोस्विता, मला तुझ्या काकांना भेटायचंय. मी त्यासाठीच आलो. चीज त्यांच्यासाठी होतं."

त्यांच्या घरात मागणी घालायला जाताना चीज नेतात म्हणे, घरातल्या मोठ्या माणसाला. तुला त्यांनी विचारलंय, तू "बघू" म्हणालीस. त्यांनी विचार केला, बघण्याआधी ज्याला विचारायला हवं त्याला विचारलेलं नाही.

मी त्यांना परत दफनभूमीत नेलं. मोठ्या रस्त्याने, मग डावीकडे, सदाहरित झाडांच्या मागे. दगड मी साफ ठेवते, मावशी. तुझ्या नावाची मेणबत्तीही लावते, आणि दर वेळी तिथले ते गलेलठ्ठ हॅमस्टर उंदीर मेण कुरतडून पळवतात. मी बाजूला जाऊन उभी राहिले, पण फार लांब नाही. त्यांनी टोपी काढली.

"सेव्हरिनसाहेब," ते म्हणाले, "मी ओटिलीला मागणी घातलीय. पहिली कॉफी पोटात जाईपर्यंत ती बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मला कळायला पूर्ण हिवाळा लागला. तुमची जागा मला नको. शेजारची मिळाली तर बरं. पाणी उडवणार नाही."

मग उरलेल्या चिजाचा एक तुकडा कापून त्यांनी दगडावर ठेवला आणि वाट पाहू लागले. कशाची, हे मला कळेना. मी त्यांना हळूच समजवायला पुढे निघाले, तेवढ्यात दगडामागून एक हॅमस्टर बाहेर आला. मागच्या पायांवर उभा राहिला, आमच्याकडे पाहिलं, तो सगळा तुकडा गालात कोंबला (एक गाल भरला, मग दुसरा, तुला आठवतं ना काका नाताळला काय करायचे) आणि कुणालाही न विचारता निघून गेला. अल्विनरावांनी टोपी घातली. म्हणाले, "घेतलं." मी तिथे, थडग्यांच्या मध्ये, पोट धरून हसले. मग रडले. मग परत हसले. त्यांनी मला रुमाल दिला. त्यालाही चिजाचा वास होता.

परतीच्या ट्राममध्ये मी खिडकीतून पाहत होते. इथे मी रोज येते-जाते. काही पाहायचं राहिलंय असं वाटलंच नव्हतं.

तुझ्या गुडघ्याला आणि तळ्याला सांभाळ.

तुझीच,
रोसी

ता. क. अल्विनराव तुला सांगतील की त्यांनी परत राजवाडाच पाहिला. आम्ही तसं ठरवलंय. त्यामुळे हे सगळं पत्र तू वाचलेलंच नाहीस असं समज.

ता. क. चीज संपलं. त्यांच्याबरोबर दुसरं पाठवू नकोस. कॉफीहाउसचा वेटर विचारत होता, पण ती सवय चांगली नाही.

ता. क. खरं सांगायचं ते हे. पोस्पिशिलबाई काल फोनवर म्हणाल्या की चौथी खुर्ची त्या रिकामी ठेवणार आहेत, मी कुणाला तरी आणेन या आशेवर. मी तुझं नाव सांगून टाकलं. गुरुवारी दुपारी, त्याच खाणावळीत; मध्ये काकांकडे थांबायला वेळ मिळतो. टारोकला गुडघा लागत नाही. ये, मावशी, एकदाच. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे, आणि ते वाक्यही परत एकदा म्हणशील. पण ते फोनवर म्हणू नकोस. गुरुवारी ये आणि पोस्पिशिलबाईंच्या तोंडावर नाही म्हण.