डाळ मिलमधला सुपरवायझर

४ जानेवारी १९८२, सोमवार. सकाळी ७

नवीन वर्ष तीन दिवस उशिरा सुरू करतोय, कारण डायरी आज मिळाली.

संकल्प : ऑक्टोबरला बी.ए.चा इंग्रजीचा पेपर पास करायचा. (तिसरी वेळ. तपासणारे एव्हाना बदलले असतील.) रोज पाच इंग्रजी शब्द पाठ. वहिनीशी वाद घालायचा नाही, तिची लेव्हल नाही.

गुलबर्ग्यात गुरुअण्णाकडे राहून दीड वर्ष झालं. थोरला भाऊ, सरकारी कचेरीत क्लार्क. क्लार्कच्या पुढं जाण्याची त्याला इच्छाच नाही. सुमतीवहिनी कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. गावी जनवाड्याला आमचे वडील अप्पा सगळ्यांना सांगतात की आमचा जयतीर्थ गुलबर्ग्यात ऑफिसात असतो. आज ना उद्या ते खरं होणारच आहे, म्हणून मी त्यांना थांबवत नाही.

आजपासून कापडाच्या दुकानात. सेल्स लाइन. तात्पुरती.

६ जानेवारी

सेल्स म्हणजे घड्या. बायका चाळीस साड्या उलगडायला लावतात आणि निघून जातात. मी घड्या घालतो. आज एकीला स्पष्ट सांगितलं की बाई, तुम्हाला यातली कुठलीच शोभणार नाही, उगीच वेळ घालवू नका. प्रामाणिकपणा हा सेल्सचा पाया आहे.

७ जानेवारी

राजीनामा दिला. मालकानं त्याआधीच हाकललं होतं, पण राजीनामा माझ्या मनात कालपासून तयार होता. ती बाई मालकाची चुलती निघाली. यात माझी काय चूक?

घरी वहिनी म्हणाली, "तीन दिवस टिकलात की भावजी!"  इंग्रजी शब्दही झाले नाहीत. मूड नव्हता.

१८ जानेवारी

टॉकीजमध्ये लागलो. डोअरकीपर. हातात टॉर्च असतो, पब्लिक घाबरून असतं. तिकीट फाडताना मी प्रत्येकाकडे रोखून बघतो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, काय बघायलास रे माझ्याकडं? शिस्त म्हणजे काय हे या गावाला माहीत नाही.

२३ जानेवारी

टॉकीज संपलं. इंटरव्हलला दारं उघडायची असतात. मी पिक्चर बघत होतो. सहाव्यांदा बघत असलो तरी अभ्यासू नजरेनं बघत होतो. पब्लिकनं दार मोडलं. मॅनेजरनं माझ्या हातातून टॉर्च हिसकावून घेतला, सगळ्यांसमोर. असल्या माणसाच्या हाताखाली राहणं मलाच नको होतं.

१ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

अखेर इंडस्ट्री! गुरुअण्णानं कुणाला तरी सांगून स्टेशनपलीकडच्या एका डाळ मिलमध्ये चिकटवलं. तुरीचा सीझन जोरात आहे. माझं काम : भरलेल्या पोत्यांवर अक्षरं कापलेला पत्रा ठेवून शाईनं मिलचं नाव छापणं आणि पोती मोजणं. याला मी 'डिस्पॅच' म्हणतो.

उमाजी म्हणून एक हमाल आहे. पहिल्याच दिवशी अंगावर ओरडला, "ओ बाबू, कामून उभारलाव हितं? पोतं पडंल की डोस्क्यावर!" मी त्याला सांगितलं की जरा नीट भाषेत बोल. तो बाजूच्या हमालाकडं बघून हसला. या माणसावर लक्ष ठेवलं पाहिजे.

३ फेब्रुवारी

सत्तर पोत्यांवर नाव उलटं छापलं गेलं. पत्रा उलटा होता, मी नव्हे. मी जेवायला गेलो तेव्हा उमाजीनं दोघांना घेऊन सगळी पोती फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं छापून टाकली. शेठला कळलंसुद्धा नाही. माझ्या कामात लुडबूड. जळतो मेला.

१२ फेब्रुवारी

मिलच्या मागच्या शेडमध्ये चौतीस बायका डाळ निवडतात. त्यांच्यातली अनसाबाई पुढारी. कडगंचीकडची, बापजाद्यांचा मेंढरांचा धंदा. आता मेंढरं गेली, ही डाळीत आली. दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबू, सरकारनं रोजाचा रेट ठरवून दिलाय म्हनं. रेडिओवर सांगितलं. शेठ त्याच्या निम्माबी देत न्हाई. तुमाला इंग्लिश लिवता येतंय का?"

मी म्हणालो, ऑफ कोर्स.

लेबर ऑफिसरला अर्ज लिहून हवा आहे. बघतो म्हटलं. मागून उमाजी म्हणाला, कन्नडमधी लिवा, साध्या बोलीत. त्याला म्हटलं, तू पोती उचल.

१६ फेब्रुवारी

अर्ज तयार. तीन पानं. पहिल्या दोन पानांत अर्ज लिहिणारा कोण, त्याचं शिक्षण, त्याची एकूण कुवत, म्हणजे ऑफिसरवर इंप्रेशन पडतं. तिसऱ्या पानाच्या शेवटी बायकांचा विषय. चौतीस अंगठे घेतले आणि प्रत्येकीपुढं नाव लिहिलं. अनसाबाई चार दिवस झाले रोज दुपारी मला भाकरी आणि शेंगाची चटणी आणून देतेय. चटणीत मीठ जास्त असतं. सांगितलं तिला.

२० फेब्रुवारी

अर्ज अजून खिशात आहे. विचार करतोय. मोठी माणसं पत्र लगेच टाकत नाहीत.

मला वाटतं की शेठला एकदा नुसतं दाखवावं. अंधारात ठेवणं बरं नाही. शिवाय मिलमध्ये सुपरवायझरची जागा रिकामी आहे. चौतीस बायका ज्याच्या शब्दात आहेत असा माणूस कोण, हे शेठला कळायला नको का?

२३ फेब्रुवारी

शेठनं कपबशीतून चहा दिला! हमालांना फुटक्या गिलासात देतात. अर्ज इंग्रजीत, त्यांना वाचता येईना, तर मीच वाचून दाखवला, अर्थ सांगितला. कुठला अंगठा कुणाचा तेही विचारलं, ते सांगितलं. "फार हुशार आहात हो," म्हणाले. अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. जबाबदार हातात पडला. सुपरवायझर होणार, असं माझं मन सांगतंय.

२४ फेब्रुवारी

आज अनसाबाई आणि आणखी सात जणींना गेटवरूनच परत पाठवलं. काम कमी झालं म्हणे. योगायोग.

उमाजी येऊन समोर उभा राहिला. "बाबू, अर्ज टाकलाव का टपालात?"

प्रोसेसमध्ये आहे, म्हणालो.

"शेठला कुनी सांगितलं मग?"

मला काय माहीत? सरळ म्हणालो, या मिलमध्ये चुगलखोर कमी आहेत का, तूच नसशील कशावरून? तो बघत राहिला. मग पोतं उचलून गेला. दुपारी भाकरी कुणी आणली नाही. उपाशी राहिलो. कृतघ्न लोक.

३ मार्च

घरी आलो तर अनसाबाई आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली. पत्ता उमाजीनं शोधून दिला असणार. वहिनीनं तिला चहा दिला होता आणि स्वतः गुडघ्यावर पाटी घेऊन, पाटीवर कागद ठेवून काही लिहीत होती. मी विचारलं काय चाललंय. वहिनी मान वर न करता म्हणाली, "तुमचं राहिलेलं काम करायलेय."

अर्धं पान. कन्नडमध्ये. सरकारी रेट एवढा, आम्हाला मिळतो एवढा, अर्ज केला म्हणून आठ जणींना काढलं, येऊन बघा. संपलं. ना इंट्रोडक्शन, ना रिस्पेक्टेड सर. असल्या अर्जावर कोण येणार?

अनसाबाईला मी समजावून सांगायला गेलो की यात माझी भूमिका काय होती. ती म्हणाली, "तुमी गप बसा. माझ्या दोन पोरी घरी हायत, आठ दिस झालं कण्या खायलाव." मी चटणी मागत होतो तेव्हा नाही आठवल्या पोरी? (आता लिहिल्यावर लक्षात आलं की चटणी मी मागत नव्हतो, ती आपणहून देत होती. तरी.)

जेवताना वहिनीनं वाढलं, पण भाताचं पातेलं जोरात ठेवलं. माझ्याविरुद्ध या घरात कारस्थान शिजतंय.

९ मार्च

झालो! सुपरवायझर!

शेठनं सकाळी आत बोलावलं. म्हणाले, उद्या लेबर इन्स्पेक्टर येतोय, रजिस्टर अपटुडेट पाहिजे, आणि सुपरवायझरची सही पाहिजे. आजपासून सुपरवायझर तुम्ही. मी उभा राहिलो तर म्हणाले, बसा बसा.

रजिस्टर कोरं करकरीत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे नऊ दिवस. बायकांची नावं, हजेरी, सरकारी रेटनं पगार, सगळं मुनीम लिहीत गेला, मी सही करत गेलो. हात दुखला. पण शेवटी शेवटी सही फार सुंदर यायला लागली. अप्पांना पत्र टाकलं.

१० मार्च

इन्स्पेक्टर तरुण होता. चहा नको म्हणाला. रजिस्टर चाळलं, मग कन्नडमध्ये विचारलं की ही सही कुणाची.

माझी, सर. सुपरवायझर.

कधीपासून कामावर?

एक फेब्रुवारी, सर.

मग एक जानेवारीला सही कशी केली?

मी म्हणालो, काल केली सर. खरं ते सांगितलं. प्रामाणिकपणा माझ्या रक्तात आहे. शेठ ताडकन उठले आणि म्हणाले, साहेब, मला काही माहीत नाही, हे रजिस्टर या माणसानंच बनवलं, याला मी विश्वासानं ठेवला होता. मुनीम पण मान हलवायला लागला. इन्स्पेक्टर म्हणाला की खोटं रजिस्टर म्हणजे केस होते, नाव सांगा पूर्ण, वडिलांचं नाव सांगा.

मला वडिलांचं नाव आठवेना. खरंच आठवेना.

तेव्हा दारातून उमाजी आत आला. पाठीला भुसा चिकटलेला. म्हणाला, "साहेब, ह्यानला सोडा. ह्यानला काय कळत न्हाई. पोत्यावर नाव छापाया येत न्हाई ह्यानला, रजिस्टर कुठलं बनवतेत? शेठनं म्हटलं सही कर, केली. तुमी म्हना, भितीवर सही करा, भितीवरबी करतील." बाहेर बायका हसल्या. इन्स्पेक्टरसुद्धा हसला. त्यानं माझं नाव लिहिलेली ओळ खोडली आणि शेठकडं वळला.

सगळ्या मिलसमोर माझा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. उमाजीला याची शिक्षा मिळाली पाहिजे. कशी ते नंतर ठरवीन. 

१२ मार्च

शेठनं काढलं. लेबर ऑफिसनं आठही जणींना परत घ्यायला आणि नवीन रेटचा बोर्ड गेटवर टांगायला लावलं. म्हणजे माझा अर्ज काम करून गेला. खणात का होईना, सुरुवात माझीच.

२१ मार्च

गुरुअण्णानं सांगितलं, वेगळी खोली बघ. ओरडला नाही, आणि त्याचाच राग आला. मी म्हणालो, मीच म्हणणार होतो. वहिनीनं एक चादर, दोन ताटल्या आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. बरणी मुद्दाम छोटी दिली असं वाटतं.

अप्पांचं पत्र आलंय. सुपरवायझर झाल्याबद्दल गावात पेढे वाटले. पत्र घडी करून ठेवलं.

५ एप्रिल

स्टेशनजवळ हॉटेलात लागलो. ऊन असं की टेबलाला हात लावता येत नाही. मालकाला पहिल्या दिवशी सांगितलं की मला सुपरवायझिंगचा अनुभव आहे. त्यांनी फडकं दिलं. डोक्याला पांढरी टोपी कंपल्सरी आहे, आणि मिशी ठेवायची नाही. मिशी काढली.

१९ एप्रिल

मालक शिव्या देतो. आचारी शिव्या देतो. गिऱ्हाईक शिव्या देतं. मी कुणाला देऊ? खिडकीतल्या माशांना दिल्या. इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म आणलाच नाही. यंदा नाही तर नाही, ऑक्टोबरला तसाही मी या गावात नसेन.

८ जून, मंगळवार

दुपारी दीड वाजता सात-आठ बायका हॉटेलात शिरल्या. पदर सावरत, एकमेकींना ढकलत. पुढं अनसाबाई. मागं उमाजी, धुतलेला शर्ट घालून. लेबर ऑफिसात मागच्या पगाराचा फरक मिळाला होता, सही-अंगठा करून सरळ इथं आल्या. बऱ्याच जणी हॉटेलात पहिल्यांदाच बसत होत्या, ते दिसतच होतं.

माझंच टेबल.

मी टोपी खाली ओढली. पाणी ठेवलं, मग इडली-सांबार. अनसाबाईनं वर बघितलं, बघत राहिली. म्हणाली, "तुमी डाळ मिलला हुताव का हो?"

मी म्हणालो, नाही. कुठली मिल?

"व्हय का. तुमच्यासारखाच एक बाबू हुता थितं. मिशी हुती त्याला."

असेल, म्हणालो. एकसारखी माणसं असतात.

"लई वंगाळ मानूस हुता," ती म्हणाली. रागानं नाही, भाव सांगावा तशी. "आमी भाकर खाऊ घातली. त्यानं आमचे अंगठे नेऊन शेठला वाचून दाखवले. माझ्या धाकटीला ताप हुता त्या आठवड्यात. औषधाला काय न्हवतं." मग मला विचारलं, "वंगाळच म्हनायचा न्हाई का असा मानूस?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. उमाजी खिडकीबाहेर बघत होता. मालक गल्ल्यावरून ओरडला, काय गप्पा मारायलास तिथं?

मी म्हणालो, व्हय. वंगाळच.

"मग," अनसाबाई म्हणाली, आणि इडली फोडायला लागली.

सांबार दोनदा मागितलं. दोनदा वाढलं. तिसऱ्यांदा न मागता वाढलं, त्यांनी नको म्हटलं नाही. गेल्यावर टेबल पुसलं.

पाच शब्द पाठ करायचे होते. पुस्तक उघडलं नाही. उद्यासाठी काही ठरवलेलं नाही.