गिजबर्टला कुणी विचारू नये

मी, रोसविथा डेंगलर, वय ६३, धंदा द्राक्षमळा, राहणार नाकेनहाइम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले आहे, डोके जागेवर आहे. दडपण कुणाचेही नाही.

१. घर आणि तळघरातील वाइनची पिंपे माझी मुलगी मारायके हिला.

२. वडिलांचा द्राक्षे पिळायचा चरक भाऊ फोल्कमार याला. "बाईमाणसाला मळा झेपणार नाही," असे तो वडिलांच्या मयतीत म्हणाला होता. चरक त्याने स्वतः उचलून न्यावा. जड आहे.

३. माझी काढलेली कर्करोगाची गाठ, रक्ताचे नमुने आणि मृत्यूनंतर लागेल तो यकृताचा तुकडा माइन्झच्या प्रयोगशाळेला. स्वादुपिंडातली ती गाठ तपासून तिथल्या डॉ. निल्ग्युन यांनी, ती परतू नये म्हणून, माझ्यापुरती लस बनवली, शिंप्याने मापाचा सदरा शिवावा तशी. लागू पडली नाही. निल्ग्युनबाई स्वतः घरी आल्या. "तुमच्या शरीराने लसीला साथच दिली नाही, रोसविथा. का, ते आम्हाला अजून कळत नाही," म्हणाल्या आणि रडल्या. मीच त्यांना पाणी दिले.

मारायके चिडली. "आई, गेल्यावरही तुला चिरायचं?"

"तेव्हा दुखणार नाही गं."

माझा शब्द तिने मोडू नये.

४. तांबड्या उतारावरचा मळा गिजबर्ट क्लोस, निवृत्त पोस्टमन, याला. दोघांचे दुखणे एकच. शेजारच्या खुर्चीत तो त्याची लस टोचून घ्यायचा. ताप भरला की आम्ही एकमेकांना फोन करून शिव्या घालायचो. त्याची गाठ परतली नाही. माझी यकृतात आली. तेव्हापासून तो फिरकला नाही. शेवटी मीच फोन केला.

"मेलास की काय रे?"

"नाही ना. म्हणूनच तोंड दाखवत नाही."

मला त्याचा हेवा वाटतो, अजूनही. तरी मळा त्यालाच. जुन्या वेली काढून त्याने नव्या लावाव्यात. फळ धरायला तीन-चार वर्षे जातात. तेवढी त्याने काढावीत.

५. अंत्यविधीला गिजबर्टने पहिल्या बाकावर, मारायकेशेजारी बसावे. तू कसा वाचलास, असे त्याला कुणी विचारू नये. त्याला माहीत नाही. मी विचारून पाहिले आहे.

सही: रोसविथा डेंगलर

साक्षीदार, ज्यांना यातले काही मिळणार नाही आणि तरी जे आले:
इर्मट्राउड हाबिग, शेजारीण
लोथार वेंडल, चर्चचे घंटावाले

नाकेनहाइम, ३ नोव्हेंबर २०२३