हॉलमधला समुद्र

१२ मार्च २०००, रविवार
आशा सकाळच्या एसटीने माहेरी गेली, कळवणला. सासूबाईंचा पाय मोडलाय. आठ दिवसांत येते म्हणाली. खरं तर आठ दिवसांत ये असं मी म्हणालो, ती पिशवी भरत होती. एका अर्थी बरंच झालं. कालच मुंबईहून प्रवाळ आणलं. जांभळ्या फांद्या, दगडासारखं कडक, पण नाजूक इतकं की म्हणे उदबत्तीचा धूरही सोसत नाही. ती येईपर्यंत हॉलमधल्या काचेच्या टँकमध्ये रुळेल.

लग्नाला अकरा वर्षं झाली, आशाने अजून समुद्र पाहिलेला नाही. दर वर्षी जायचं ठरतं आणि दर वर्षी प्लँटचं ऑडिट आडवं येतं. शेवटी मी समुद्रच घरी आणला. खारं पाणी, लाटांसाठी पंप, सगळं. बायकोसाठी एवढं कोण करतं? तिचं शिलाई मशीन तेवढं हॉलमधून गॅलरीत हलवावं लागलं. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. खूश असावी.

१५ मार्च, सकाळी सात
प्रवाळ उमललं! फांदीफांदीवर इवली इवली तोंडं बाहेर आलीयेत आणि पाण्यात हलताहेत. बघत बसलो, सातपूरची बस चुकली. मी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. कंट्रोल म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.
संकल्प: तापमान रोज दोनदा लिहिणे. आशाला रोज फोन करणे.

२२ मार्च
तापमान लिहिलं. फोन राहिला.

२८ मार्च
फोन केला. मेव्हणा होता, हर्षल. दाजी, ताई नाय घरी, क्लासला गेली, म्हणाला. कसला क्लास? तर आशा तिथे पोरींना शिवणकाम शिकवते म्हणे. लय पोरी येत्या, म्हणाला. सासूबाई कशा आहेत? त्या कधीच्याच हिंडू-फिरू लागल्या. असो. वेळ घालवायला माणसाला काहीतरी लागतंच. हर्षलला प्रवाळाची सगळी माहिती दिली. तो हं हं करत होता. इंटरेस्ट आहे त्याला.

५ एप्रिल, पाडवा
आशा आज नक्की येणार होती. श्रीखंड आणून ठेवलं. आली नाही. सणाला एसटीत पाय ठेवायला जागा नसते, ती तरी काय करणार.

गुढीसाठी गडू शोधायला माळ्यावर चढलो तर आशाचा लग्नातला तांब्याचा हंडा सापडला. चिंचेने घासून, जुन्या लुगड्यात बांधून ठेवलेला. एकदम आयडिया सुचली. उकाड्यामुळे टँकवर टेबल फॅन लावलाय, त्याने पाणी भराभर आटतं, रोज भर घालावी लागते. प्लँटमधून डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी आणतो, पण ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये राहतं. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता रात्रभर हंड्यात ठेवायचं आणि सकाळी टँकमध्ये घालायचं. आशाचा हंडा, आशाचाच समुद्र. हे ऐकून तिला भरून येईल.

१४ एप्रिल
टँकमधल्या दोन्ही गोगलगायी मेल्या. वय झालं असेल.

१८ एप्रिल
प्रवाळाची टोकं पांढरी पडलीयेत. घाबरायचं काम नाही. नवी वाढ पांढरीच असते, सायबर कॅफेत वाचलंय.

२१ एप्रिल
बुडखाही पांढरा. खालूनही वाढतंय.
तोंडं मात्र बाहेर येत नाहीत. शेजारच्या लताबाई रोज धूप घालतात, त्याचाच परिणाम. सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहिनी कधी येणार विचारलं. रविवारी, म्हणालो. कुठल्या रविवारी ते त्यांनी विचारलं नाही. भल्या बाई आहेत.

२४ एप्रिल
मुंबईच्या दुकानदाराला फोन. पाण्यात कुठून तांबं तर जात नाही ना, असं त्याने विचारलं. कणभर गेलं तरी प्रवाळ मरतं म्हणाला. मी ठणकावून नाही म्हटलं. तांबं म्हणजे वायर वगैरे. हंडा हे भांडं आहे.

२५ एप्रिल
प्लँटच्या लॅबमध्ये टँकचं पाणी तपासून घेतलं. तांबं निघालं.
चूक कोणाची, यात मला पडायचं नाही. हंडा तिच्या माहेरून आलेला आहे, एवढंच लिहून ठेवतो.
संध्याकाळी टँकसमोर बसून रडलो. बराच वेळ. खाऱ्या पाण्याचा हात डोळ्याला लागला असणार.

२८ एप्रिल
सगळं पाणी बदललं. आता वाचतंय.
संकल्प: १ मेला सुट्टी आहे. स्वतः कळवणला जाऊन आशाला घेऊन यायचं. समोरासमोर बोललं की सगळं मार्गी लागतं.

१ मे
द्वारका चौकातल्या जीप स्टँडपर्यंत गेलो. देवळ्यामार्गे कळवणला जाणारी जीप उभी होती, खिडकीची जागासुद्धा होती. पंप चालू ठेवलाय की नाही अशी शंका आली, म्हणून परत आलो. चालू होता.

९ मे
प्रवाळावर शेवाळ धरलंय. हात लावला तर फांदी हातात आली. कसलीच हालचाल नाही. गेलं ते. मला फार वाईट वाटतंय. आशाला इतक्यात सांगायचं नाही.

१४ मे, रविवार, संध्याकाळ
आशाचा फोन आला. तिने आपणहून केला. आवाज मोकळा वाटला, आधी मी ओळखलाच नाही.

क्लासच्या बायकांनी मिळून जीप केली होती. सुरगाण्यावरून गुजरातेत उतरून थेट तिथलच्या किनाऱ्यावर गेल्या. समुद्र पाहिला, म्हणाली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. एक लाट अंगावर आली तेव्हा ती इतक्या मोठ्याने हसली की बरोबरच्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या.
मी विचारलं, पाण्याचं टेंपरेचर किती असेल?
गार होतं, म्हणाली. मग म्हणाली, मी आता नाशिकला यायची नाही. रागाने नाही, सावकाश म्हणाली. तिकडे उभी असताना तुमची आठवण येईल असं वाटलं होतं, पण नाही आली, म्हणाली.
प्रवाळ फार सुंदर झालंय, तू बघायला हवंस, असं म्हणून गेलो.
हो का, म्हणाली. जपा त्याला.
जपतो, म्हणालो.